भिंतीवरचे चित्र आणि सातबाऱ्यावरचे नाव

आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात शिरा. वेशीपाशी पहिली भिंत भेटते ती बियाण्याच्या कंपनीची. दुसरी कीटकनाशकाची, तिसरी सिमेंटची. मग सरकारी भिंती सुरू होतात. शौचालय बांधा, मुलगी शिकवा, झाडे लावा, पाणी अडवा. सगळी वाक्ये आज्ञार्थी. गावाने काय करावे हे सांगणाऱ्या भिंती गल्लोगल्ली आहेत. गावाने काय मागितले होते आणि त्याचे पुढे काय झाले हे सांगणारी भिंत शोधून सापडायची नाही.

अलीकडे त्यात आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. शाळेच्या, समाजमंदिराच्या, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर थोर माणसांची मोठमोठी चित्रे काढली जातात. जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब, अण्णा भाऊ. चित्रे चांगली असतात, पेंटर मंडळी जीव ओतून काढतात, आणि पोरांच्या डोळ्यांसमोर ही माणसे रोज असावीत यात वाईट काहीच नाही. पण होते काय, की वस्तीने मागितलेला असतो स्मशानभूमीचा रस्ता. पावसाळ्यात मयत खांद्यावर घेऊन दुसऱ्याच्या बांधावरून चिखल तुडवत जावे लागते, म्हणून अर्ज दिलेला असतो. रस्ता मिळत नाही, चित्र मिळते. नारळ फुटतो, फोटो छापून येतो. अर्ज फायलीत असतो तो असतोच.

न्याय मागणाऱ्याला रंग देऊन वाटेला लावायची ही रीत आपलीच आहे असे समजू नका. अमेरिकेत मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड नावाचा काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. लोक रस्त्यावर आले. त्याचे चेहरे देशोदेशीच्या भिंतींवर निघाले. ते लोकांनी दुःखातून, आपण होऊन केले. त्याला कोण नावे ठेवील? पण राजधानी वॉशिंग्टनमध्ये नगरप्रशासनाने स्वतःच ५ जून २०२० रोजी अध्यक्षांच्या निवासाजवळच्या रस्त्यावर, रस्त्याच्या रुंदीएवढ्या पिवळ्या अक्षरांत, काळ्या माणसाच्या जिवालाही मोल आहे अशी घोषणा रंगवून घेतली. चळवळीतल्याच काही लोकांनी तेव्हा नाक मुरडले. आम्ही पोलिसांच्या कारभारात बदल मागतो आहोत, रंगकाम नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे वरच्या राजकारणाचे वारे फिरले, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच नगरप्रशासनाने ती अक्षरे यंत्राने उखडून काढायला घेतली. रंग देणाऱ्याच्याच हाती तो पुसायचेही असते.

मग भिंतीवरच्या चित्राला काहीच अर्थ नाही का? आहे. आणि तो समजून घ्यायचा तर मेक्सिकोला जावे लागेल. तिथे आपल्या वर्ध्याचा एक माणूसही भेटणार आहे, तेव्हा वाट फुकट जायची नाही.

मेक्सिको हा मक्याची भाकरी आणि मिरची खाणाऱ्यांचा देश. १९१० च्या सुमारास तिथली बहुतेक चांगली जमीन हासिएंदावाल्यांच्या हातात होती. हासिएंदा म्हणजे मोठा वाडा, हजारो एकर रान आणि त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे गडी. हासिएंदाचे स्वतःचे दुकान असे. गड्याने धान्य-कापड तिथूनच उचलायचे, ते खात्यावर चढायचे, आणि बापाचे खाते मुलाच्या डोक्यावर यायचे. आपल्याकडच्या जुन्या सालगड्याला यातले काही वेगळे समजावून सांगायला नको. मोरेलोस प्रांतात तर उसाच्या हासिएंदांनी गावांच्या सामाईक जमिनी, जंगल आणि पाणीसुद्धा गिळत आणले होते.

त्या मोरेलोसमध्ये आनेनेकुइल्को नावाचे गाव आहे. १९०९ साली गावाने तिशीतल्या एमिलियानो झापाटाला गावाचा प्रमुख निवडले, म्हणजे आपल्या भाषेत सरपंच केले. जुन्या जाणत्यांनी त्याच्या स्वाधीन काय केले? गावाच्या जमिनीच्या जुन्या दस्तांचा गठ्ठा. पुढे झापाटा क्रांतीचा सेनापती झाला, घोड्यावरची त्याची छबी जगभर गेली, पण हे कागद त्याने शेवटपर्यंत जिवापाड सांभाळले. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, कार्यालयांवरच्या पाट्या तेवढ्या तातडीने बदलतात) ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९११ मध्ये त्याने आयालाचा जाहीरनामा काढला. हासिएंदांनी बळकावलेल्या जमिनी, जंगल आणि पाणी ज्यांच्याकडे दस्त आहेत त्या गावांना परत, ही त्यातली मुख्य मागणी. १९१७ साली देशाच्या नव्या घटनेत कलम २७ आले आणि गावांना जमीन देण्याची तरतूद झाली. १० एप्रिल १९१९ ला झापाटाला बोलणी करण्याच्या निमित्ताने एका हासिएंदावर बोलावून दगाफटक्याने गोळ्या घातल्या. कायदा झाला, सेनापती गेला, आणि जमीन जिथल्या तिथे राहिली.

इथे भिंती येतात. १९२१ साली होसे वास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री झाले. देशातल्या बहुतेक लोकांना वाचता येत नव्हते. क्रांती कशासाठी झाली हे त्यांना पुस्तकातून कळणार नव्हते, म्हणून सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली करण्यात आल्या. दिएगो रिवेरा, होसे ओरोस्को, दाविद सिकेइरोस ही मंडळी परातीवर चढली. जत्रा, बाजार, खाण, उसाचा घाणा, मजुराची अंगझडती, जमिनीचे वाटप असे सगळे भिंतीवर आले. ज्यांना वाड्याच्या मागल्या दाराने आत घेत, ते पहिल्यांदा सरकारी कचेरीच्या दर्शनी भिंतीवर माणसाच्या आकाराचे दिसू लागले.

यातले शेतकऱ्याने पाहावे असे काम राजधानीजवळ चापिंगो इथे आहे. चापिंगो ही मुळात एका माजी राष्ट्राध्यक्षाची हासिएंदा. १९२० नंतरच्या काळात ती सरकारने घेऊन तिथे राष्ट्रीय कृषी विद्यालय आणले. जमिनीकडून काम करून घ्यायला शिकवू, माणसाला पिळायला नाही, या अर्थाचे त्या विद्यालयाचे ब्रीद आहे. वाड्यात धन्याचे खासगी प्रार्थनाघर होते. रिवेराने १९२४ ते १९२७ या काळात तिथली कचेरी आणि ते प्रार्थनाघर रंगवले. एका बाजूच्या भिंतीवर जमिनीची कहाणी: बी रुजते, कोंब फुटतो, फूल येते, फळ धरते. समोरच्या भिंतीवर माणसांची तीच कहाणी. एका जागी डुलणारे मक्याचे शेत काढले आहे, आणि मातीच्या खाली, मुळांपाशी, लाल वस्त्रात गुंडाळलेले दोन देह आहेत. एक झापाटाचा, दुसरा त्याच्या साथीदाराचा, जाहीरनामा लिहिण्यात हात असलेल्या ओतिलियो मोंतान्यो या शाळामास्तरचा. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही यातले सगळे कळते. खत काय आहे आणि पीक काय आहे, हे त्याला वेगळे वाचून दाखवावे लागत नाही.

आता वर्ध्याचा माणूस. पांडुरंग सदाशिव खानखोजे. इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलणारे क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले, गदर चळवळीतले. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध लढले, आणि मायदेशाचे दार बंद झाल्यावर १९२४ साली मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या त्याच विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केले, एका ताटाला जास्त कणसे धरतील असा मका काढायच्या खटपटीत राहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी खेड्यांतून मोफत शेतकी शाळा चालवल्या. तिना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या मक्याचे आणि शाळांचे फोटो काढलेले आहेत. रिवेराशी त्यांची दोस्ती होती. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेराने १९२८ साली एक चित्र काढले. मोठे मेज, भोवती कष्टकरी माणसे आणि पोरे, आणि मधोमध भाकरी मोडून वाटणारा माणूस. त्या माणसाचा चेहरा खानखोज्यांचा आहे.

विदर्भाच्या कापूस पट्ट्यातला एक माणूस सातासमुद्रापलीकडच्या सरकारी भिंतीवर भाकरी वाटतो आहे, आणि आपल्याला त्याची खबर नसते. स्वातंत्र्यानंतर खानखोजे परत आले, नागपुरात राहिले आणि १९६७ साली वारले. वीणा गवाणकरांनी त्यांचे चरित्र लिहिले म्हणून मराठी वाचकाला निदान नाव तरी ठाऊक झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते चापिंगोला त्यांचा पुतळाही बसला. माझ्या मते पुतळ्यापेक्षा ते चित्र मोठे, कारण त्या चित्रात खानखोजे आले ते शेतात उभे राहून शिकवत होते म्हणून. आधी काम, मग भिंत.

पण मेक्सिकोच्या भिंतींचे गोडवे गाऊन थांबता येणार नाही. साल बघा. चापिंगोची चित्रे १९२७ ला पुरी झाली. त्या भिंतींवर जमीनवाटप होऊन गेलेले होते. शिवारात ते रखडत चालले होते. कितीतरी हासिएंदा तशाच उभ्या होत्या. खरे वाटप झाले ते लाझारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, १९३४ ते १९४० या सहा वर्षांत. सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन गावांच्या नावावर चढली. भिंतीवर आलेले शिवारात यायला दहा-बारा वर्षे लागली. मधल्या काळात त्या चित्रांनी काय केले? दोन्ही केले. लोकांना आपला हक्क दिसत राहिला, आणि सरकारला काम न करता क्रांतिकारक म्हणून मिरवताही आले. चित्राची ही दुधारी चाल सोडून त्याच्याबद्दल बोलणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे.

१९९२ साली तिथल्या सरकारने कलम २७ बदलले. गावाच्या सामाईक जमिनी विकायला, भाड्याने द्यायला वाट मोकळी झाली. १ जानेवारी १९९४ ला दक्षिणेकडच्या चियापास राज्यात आदिवासी शेतकरी झापाटाचे नाव घेऊन उठले. त्यांच्या गावांत शाळा, दवाखाने, सभागृहे यांच्या फळ्यांवर आणि भिंतींवर चित्रे निघाली: मका, झापाटा, तोंड झाकलेल्या बाया. मंत्र्याने दिलेल्या या भिंती नव्हेत, गावाने स्वतः रंगवलेल्या. तानिपेर्ला नावाच्या खेड्यात त्सेल्ताल आदिवासींनी एका प्राध्यापक चित्रकाराच्या मदतीने आपल्या पंचायतीच्या घरावर मोठे चित्र काढले. नदी, डोंगर, सभा, बाया-माणसे, झापाटा. १० एप्रिल १९९८ ला, झापाटाच्या स्मृतिदिनी, तिथे गावांच्या स्वतंत्र पंचायतीचा समारंभ झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे लष्कर आणि पोलीस आले, माणसे धरून नेली आणि चित्राची नासधूस केली. सरकारला एका खेड्यातल्या रंगवलेल्या भिंतीची एवढी भीती का वाटावी? ते चित्र नंतर अनेक देशांतल्या भिंतींवर पुन्हा काढले गेले, ते वेगळेच.

राज्यकर्ता ज्या चित्रापुढे नारळ फोडतो ते एक आणि ज्या चित्रावर फौज पाठवतो ते दुसरे. आपल्या गावातली कोणती भिंत कोणत्या जातीची, हे ज्याचे त्याने बघावे.

घराजवळ येऊ. पालघर, डहाणू, तलासरीकडे वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढतात. आता ती चित्रे कुठे नाहीत? रेल्वे स्टेशनावर आहेत, उड्डाणपुलाच्या खांबांवर आहेत, सरकारी विश्रामगृहात आहेत. नाचणारी, तारपा वाजवणारी, भात लावणारी माणसे. ज्यांची ही चित्रे, त्या वारल्यांनी १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या आणि किसान सभेच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. त्यांच्याच भाईबंदांना जंगलजमिनीच्या हक्कासाठी मार्च २०१८ मध्ये, वनहक्काचा कायदा होऊन बारा वर्षे झाल्यावर, इतर शेतकऱ्यांबरोबर नाशिकहून मुंबईपर्यंत चालत जावे लागले. पाय रक्ताळलेल्या म्हाताऱ्या बायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पुलाच्या खांबावर वारली नाचतोय आणि खऱ्या वारल्याचा दावा कचेरीत पडलाय, हे चित्र मात्र कोणी रंगवत नाही.

याच्या उलट गडचिरोलीतले मेंढा (लेखा) बघा. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असले तरी आमच्या गावात आम्हीच सरकार, या अर्थाची घोषणा त्या गावाने दिली आणि ती गावाची ओळख झाली. पण गाव घोषणेपाशी थांबले नाही. अभ्यासगट बसवले, ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली, कागद गोळा केले, दावा केला, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत त्याचे नाव लागले. झापाटाचा गठ्ठा आठवतो की नाही?

आपल्या भिंतींनी कोणते चित्र काढावे याचे माझ्यापुरते उत्तर राजस्थानातून येते. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांचे मस्टर भर सभेत वाचून दाखवले. अशा सुनावण्यांतून मेलेली माणसे मजुरीवर निघाली, गाव सोडून गेलेली निघाली, कधी बांधल्याच नाहीत अशा इमारती पुऱ्या झालेल्या निघाल्या. माहितीच्या अधिकाराची चळवळ यातून वाढली आणि २००५ ला देशाचा कायदा झाला. त्याच्या कलम ४ मध्ये अर्जाची वाट न बघता माहिती आपण होऊन लोकांपुढे ठेवायला सांगितले आहे. राजस्थानात पुढे रोजगार हमीच्या मजुरांची नावे, भरलेले दिवस आणि मिळालेले पैसे पंचायतीच्या भिंतीवर रंगवायची पद्धत पडली. बाई भिंतीपाशी जाते, पोराकडून आपले नाव वाचून घेते, आणि म्हणते, चाळीस दिवस कुठले, मी बाराच भरले. यापेक्षा जिवंत भित्तिचित्र मला माहीत नाही.

याला एक काळी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. त्याच राजस्थानात दौसा जिल्ह्यात २०१७ साली स्वस्त धान्य घेणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर 'मी गरीब आहे' अशा अर्थाची वाक्ये सरकारी रंगाने लिहिली गेली. लाजेने लोकांनी हक्काचे रेशन सोडावे, दुसरे काय? तेव्हा भिंत कोणाची, हा प्रश्न रंगाआधी विचारायचा. सरकारी पैशाचा हिशेब सरकारी भिंतीवर; गरिबाच्या घराची भिंत त्याची, तिला हात लावायचा नाही.

आपल्या ग्रामपंचायतींना हे अवघड आहे का? उत्पन्नातला पंधरा टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्चायचा असतो, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी. तो कुठे गेला, हे पंचायतीच्या दर्शनी भिंतीवर ओळीने लिहा. काम, रक्कम, तारीख, ठेकेदाराचे नाव. कोणते अर्ज आले आणि किती महिने पडून आहेत, तेही लिहा. स्मशानभूमीच्या रस्त्याचा अर्ज बाबासाहेबांच्या चित्राशेजारीच रंगवला, तर चित्राचा मान कमी होत नाही, उलट वाढतो. ऑनलाइन सगळे आहे, मग भिंत कशाला, असे काही अधिकारी विचारतील. ऑनलाइन आहे हे खरे. पण बघायला मोबाइल लागतो, रेंज लागते आणि कुठे टिचकी मारायची हे सांगणारा लागतो. भिंत पाण्याला जाणाऱ्या बाईच्या वाटेवर असते, आणि तिच्यापुढे चार जणी एकदम उभ्या राहू शकतात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते. कोणत्या भिंतीवर काय लिहायचे हा एकच विषय येत्या वेळी त्या सभेत ठेवून बघा. आणि पेंटर गावातलाच घ्या. फ्लेक्सने त्याचा धंदा बसवला, पण ब्रश अजून घरात आहे. फ्लेक्स एकदा छापला की छापला. भिंतीवर चाळीसचे बारा करायला पेंटरला पाच मिनिटे लागतात.